वॉच घेताना

सरदारपूर तालुक्यातून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. तरी मिंडा गावाजवळ उगम पावणारी आमची माही राजस्थानात शिरते, वाटेत कर्कवृत्त दोनदा ओलांडते आणि शेवटी खंभातच्या आखाताला मिळते. मीही घर सोडून समुद्राकडेच गेलो. १९८०च्या दशकात नौदलात भरती झालो, ओडिशात आयएनएस चिल्कावर घडलो, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर बॉयलर आणि टर्बाइन शिकलो. पुढची नोकरी वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या पोटात, इंजिन रूममध्ये झाली. पंधरा वर्षांचा करार संपल्यावर पेन्शन घेऊन गावी आलो. तेव्हापासून सोयाबीन, गहू आणि हरभरा.

आमचं घर मराठी. आमझेऱ्याचा हा मुलूख शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता आणि पलीकडे धार पवारांची. त्या काळी आलेली अनेक मराठी घरं इथेच रुजली. घरात मराठी, शेतात माळवी, मंडीत हिंदी. सुट्टीवर आलेली फौजी पोरं हल्ली विचारतात, काका, नोकरी संपल्यावर शेती जमेल का? त्यांच्यासाठी हे लिहून काढतो आहे. सगळे मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत. पहिले दोन नीट वाचावेत, बाकीचे लागतील तसे.

१. वॉच घेणाऱ्याने आधी उतरावं

जहाजावर चार-चार तासांचे वॉच असतात. आपला वॉच सुरू व्हायच्या थोडं आधी खाली उतरायचं, ही रीत. आधीच्या माणसाला लगेच मोकळं करायचं नाही. इंजिन रूममध्ये पूर्ण फेरी मारायची, बेअरिंगवर हात ठेवून बघायचं, वाफेचा दाब आणि तेलाचं तापमान लॉगमधल्या तासातासाच्या नोंदींशी ताडायचं. कुठला पंप चालू, कुठला राखीव, कुठल्या ग्लँडमधून थेंब पडतोय, हे त्याच्या तोंडून ऐकायचं. मग म्हणायचं, वॉच घेतला. त्यानंतर जे बिघडेल ते तुझ्या अंगावर.

घरी परतणाऱ्या माणसाने हीच रीत धरावी. आपण समुद्रावर असताना घर काही थांबून राहिलेलं नसतं. आमची जमीन इतकी वर्षं माझी आई आणि बायको चालवत होत्या. कुठला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो, कुठल्या शेतात वाफसा उशिरा येतो, ट्रॅक्टरवाला कोणाच्या शब्दाला मान देतो, कोणाची उधारी दिवाळीआधी चुकवलीच पाहिजे, हे त्यांना पाठ होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. म्हणून मृगापासून पुढच्या मृगापर्यंत फक्त बघावं आणि सांगितलेलं काम करावं. फौजेतल्या माणसाला हुकूम देण्याची सवय असते तशी घेण्याचीही असते. पहिल्या वर्षी ही दुसरी सवय कामाला येते.

एक वर्ष थांबायला जड जातं, कारण हातात फंडाचे पैसे असतात आणि गावात सल्लागार भरपूर. कोणी म्हणतो पोकलेन लाव, कोणी म्हणतो डेअरी टाक. पहिलं वर्ष पैसा बँकेत ठेवा.

२. घरातली वही वाचावी

माझ्या बायकोची एक दोनशे पानी वही होती, जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर घातलेली. डाव्या पानावर शेत, उजव्या पानावर पैसा. ‘आर्द्रा लागली. नाल्यावरच्या तुकड्यात वखर चालत नाही.’ ‘मंडीत दाण्यात ओल निघाली, भाव पाडला. पुढच्या वेळी दोन उन्हं जास्त द्यायची.’ ‘सासूबाई म्हणतात आंब्याखालचा तुकडा हरभऱ्यालाच ठेवा, गहू लोळतो.’ अक्षर घाईचं, पेन मुलीच्या दप्तरातलं. नौदलात मी कितीतरी लॉग भरले, पण चुकीतून काय शिकायचं हे त्याच ओळीत लिहून ठेवणारी नोंद मी प्रथम या वहीत पाहिली.

नंतर मी त्यात तीन रकाने वाढवले: पाऊस, मोटरचे तास, डिझेल. बाकी वही तिचीच. ज्या घरात अशी वही नाही तिथे ती कोणाच्या तरी डोक्यात असते. संध्याकाळी बसून ती विचारून घ्यावी आणि लिहून काढावी.

३. पहिल्या पावसाला भुलू नये

जूनमध्ये एक सर आली की सगळ्या गावाचे हात शिवशिवतात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला साधा आहे: सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे मोजायला अंगणात पर्जन्यमापक हवा, नुसत्या ढगाकडे बघून कळत नाही. कमी ओलीवर पेरलं आणि पुढे उघडीप पडली तर कोवळं रोप काळ्या मातीत जळतं, आणि दुसऱ्यांदा बियाणं घ्यायचं तर तेव्हा दुकानात रांग लागलेली असते.

घरच्या बियाण्याची उगवण मात्र एप्रिल-मे महिन्यातच तपासावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, गोणपाट सुकू द्यायचं नाही. आठवडाभरात मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बी पेरायच्या लायकीचं. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं; पोतं ट्रॉलीतून धाडकन खाली टाकलं तरी आतला अंकुर मरतो. हमालाला हे सांगून पटत नाही, म्हणून बियाण्याची पोती आम्ही घरची माणसं उतरवतो.

४. पाण्याला आधी मालक ठरवून द्यावा

वाफेच्या जहाजावर चहूकडे पाणी, पण गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातून उकळून काढायचं. त्यावर पहिला हक्क बॉयलरचा, मग पिण्याचा आणि स्वयंपाकाचा, अंघोळ सर्वांत शेवटी. टंचाई आली की भांडण होत नसे, कारण क्रम आधीच ठरलेला असे.

माळव्याची जमीन पाणी धरून ठेवणारी, म्हणून पूर्वी इथल्या लोकांना पाण्याची फार चिंता नव्हती. नंतर नळकूप खोल खोल गेले. १९९० साली देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच देवास जिल्ह्यात २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्यायला सांगितलं. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून केली, कारण ते करतात ते बाकीचे बघतात. त्या तळ्यांना ‘रेवासागर’ म्हणू लागले. टोंकखुर्दकडची तळी जाऊन बघावीत. दहा बिघ्यांतला एक बिघा पाण्याला दिला की उरलेल्या नऊंवर रब्बी उभी राहते, हे तिथे डोळ्यांनी दिसतं, हिशेब मांडावा लागत नाही.

आम्हीही खालच्या कोपऱ्यात तळं केलं. पाणी वाटण्याचा क्रम भिंतीवर खडूने लिहिलेला असतो: गुरं, मग गव्हाचं विसाव्या-एकविसाव्या दिवसाचं पाणी, मग बाकी सगळं. गव्हाला मुकुटमुळं फुटतात ती तेव्हाच. हे एक पाणी चुकलं तर नंतरच्या चार पाण्यांनी भरून निघत नाही. तळं अर्धंच भरलं त्या वर्षी इंदूरच्या गहू केंद्राचा ‘अमृता’ वाण पेरावा. तो एक-दोन पाण्यांत येतो.

५. रात्रीची लाईन आणि छोटा वॉच

रब्बीत शेताची लाईन, म्हणजे वीज, कधी दिवसा येते, कधी रात्री. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता बारं वळवायला एकच माणूस रोज उठला तर तो महिन्याभरात आजारी पडतो. जहाजावर संध्याकाळी चार ते आठचा वॉच दोन-दोन तासांचा तोडलेला असतो. त्यामुळे दिवसाचे वॉच सहाऐवजी सात होतात, पाळी रोज एकाने सरकते आणि मध्यरात्र एकाच्याच वाट्याला येत नाही. आम्ही तिघं, मी, पुतण्या आणि शेजारचा भागीदार, रात्रीची पाळी तशीच सरकवतो.

आणि ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावायचा नाही. खाली कोरडी फळी, पायात रबरी बूट, अर्थिंग दरवर्षी तपासलेलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतायचं काम उन्हाळ्यात आठवणीने करावं.

६. गावात हुद्दा नसतो

जहाजावर माणूस त्याच्या बाहीवरच्या खुणेने ओळखला जातो. इथे भिल्ल मजूर, पाटीदार शेजारी आणि मंडीतला हमाल यांना माझा हुद्दा काय होता याच्याशी कर्तव्य नाही. ते योग्यच आहे. आमच्याकडच्या भिल्ल वस्तीतली कुटुंबं कामासाठी गुजरातेत जातात आणि सणाला परत येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाची जत्रा असते. त्या आठवड्यात हरभऱ्याची काढणी धरू नये. कोणी येणार नाही, आणि येऊ नये. वर्षभर परमुलखात राबलेल्या माणसाचा तो हक्काचा आठवडा आहे. काढणी चार दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकवता येते. मजुरी त्याच संध्याकाळी हातावर ठेवावी, आणि नवरा-बायको दोघं कामावर असतील तर तिची तिच्या हातात.

७. गवताचा तुकडा राखावा

सरदारपूरचं खरमोर अभयारण्य १९८३ सालचं. पावसाळ्यात हा पक्षी वीण करायला इथल्या बिडात येतो. नर गवतातून सरळ वर उडी मारतो आणि खाली बसतो, दिवसभर पुन्हा पुन्हा, मादीला दिसावं म्हणून. जगात आता हे पक्षी फार थोडे उरलेत. अभयारण्यामुळे इथल्या गावांत जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, त्याची झळ खरी आहे आणि लोकांचा राग मला समजतो. तो राग पक्ष्यावर काढू नये एवढंच म्हणणं. बांधालगतचं गवत आम्ही दसऱ्याआधी कापत नाही. तोवर पिल्लं मोठी झालेली असतात आणि गुरांना तेवढ्याने काही कमी पडत नाही.

८. कागद बायकोला समजले पाहिजेत

हा मुद्दा मी प्रत्येक फौजी घरात जाऊन सांगतो. नवरा गेल्यावर वहिनींना कौटुंबिक पेन्शन मिळायला उशीर होतो, आणि बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: सेवेच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारीख तिसरी. लग्नानंतर नाव बदललेल्या मराठी बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं. माणूस जिवंत असताना ही दुरुस्ती सोपी असते.

म्हणून पत्र्याच्या एका पेटीत हे असावं: पीपीओची, म्हणजे पेन्शन आदेशाची प्रत, डिस्चार्ज बुक, संयुक्त खात्याचं पासबुक, ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलचा पासवर्ड कागदावर लिहून, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची दोघांची कार्डं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता. नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरताना बायकोला शेजारी बसवावं, आणि एखाद्या वर्षी तिलाच भरू द्यावा. महूच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला एकदा तिने एकटीने जाऊन यावं. रांग कुठे लागते, रेफरल कोण लिहितो, हे ऐकून कळत नाही.

जमिनीचंही तसंच. खसऱ्यात वारसांची नावं वेळेवर चढवावीत, बहिणींची सुद्धा. नामांतरण राहिलं की पुढे बँक पीककर्ज देत नाही. दरमहा दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर पीएम-किसानचे सहा हजार आपल्याला लागू नाहीत; अर्ज करू नये, घेतलेले पैसे परत भरावे लागतात.

९. पोहायला आधी शिकवावं

आता चार वर्षांची अग्निवीर भरती आहे, त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होतो. जो मुलगा विचारतो त्याला मी म्हणतो, जा, पण हातात हुन्नर येईल अशी शाखा मिळवायची खटपट कर. इंजिन, वीज, वेल्डिंग. चार वर्षांनी परत आलास तरी पंचक्रोशीतल्या मोटरी तुझी वाट बघत असतील.

मार्च २०२३ मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. आमच्या गल्लीतली पाटीदारांची एक मुलगी ती बातमी वाचून घरी आली. धावते उत्तम, गणित चांगलं, पोहता मात्र येत नाही. इथल्या मुलींना विहिरीत कोण उतरू देतो? तिच्या आईशी बोलणं माझ्या बायकोने केलं. या पावसाळ्यानंतर गावतळ्याच्या उथळ बाजूला शिकवायला सुरुवात केली आहे, आणि आता आणखी चार मुली येतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात शिकवायचं नाही, त्याच्या कडेवर पाय ठरत नाही. कमरेला दोरी, हाताशी ट्रॅक्टरची ट्यूब आणि काठावर पोहता येणारं एक मोठं माणूस, हे तिन्ही असल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही.