संगणक-जाळ्यातील जोडणीचा दोष : निदान व पाठ

शाळेतील संगणक सकाळी जाळ्याशी नीट जोडलेला असतो. दुपारी मुले समोर येऊन बसली की तो नेमका तुटतो. केबल हलविताच तो पुन्हा चालू होतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रकार घडतो. असे चार वेळा झाले म्हणजे शिक्षकाचा धीर सुटतो, 'यंत्र नादुरुस्त' असा शेरा पडतो व संगणकावर कापड पडते. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. दोष असतो तो केबलच्या टोकाशी बसविलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या जोडणीत. नुकसान मात्र मुलांचे होते.

जोडणीची रचना

या जोडणीस व्यवहारात 'आरजे-४५' म्हणतात. केबलमध्ये आठ बारीक तारा असून दोन-दोन तारांना पीळ देऊन चार जोड्या केलेल्या असतात. पिळामुळे एका जोडीतील संदेशाचा दुसरीस होणारा उपद्रव कमी होतो. जोडणीत आठ धातूच्या पट्ट्या असतात. क्रिंपर नावाच्या पकडीने दाबले असता पट्टीची धार तारेच्या आवरणात शिरून तांब्यास टेकते. पट्टी अर्धवट शिरली, तर तार कधी टेकते, कधी सुटते. संगणकाच्या लहरीपणाचे मूळ बहुधा येथेच असते.

दोषाची कारणे

(१) जोडणीचा प्लॅस्टिकचा खटका मोडतो व ती खाचेतून सरकते.
(२) केबलचे बाहेरचे वेष्टन जोडणीत पकडले जात नाही. मग सारा ताण बारीक तारांवर येतो.
(३) बसविताना पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उकलला जातो.
(४) तारांचा क्रम चुकतो. प्रचलित 'बी' पद्धतीत तो असा आहे : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.
(५) धूळ व दमट हवा यांमुळे पट्ट्या मळतात.

सेकंदास १०० मेगाबिट वेगास दोन जोड्या पुरतात, १००० मेगाबिटांस चारही लागतात. म्हणून एखादी तार सुटली, तरी संगणक बंद न पडता केवळ मंद होऊ शकतो, आणि दोष लपून राहतो.

निदानाचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा, हा मुख्य नियम होय. प्रथम जोडणी 'टक' असा आवाज होईपर्यंत आत सारावी व खाचेजवळचा दिवा पाहावा. नंतर चांगली ठरलेली दुसरी केबल लावून पाहावी. तिने काम झाले, तर दोष पहिल्या केबलचा. न झाले, तर स्विचवरील खाच बदलावी. दोष केबलचा ठरल्यास टोक कापून नवी जोडणी बसवावी. एकदा दाबलेली जोडणी पुन्हा उपयोगी पडत नाही. मोडक्या खटक्यास चिकटपट्टी लावणे हा उपाय नव्हे. शाळेत एक चांगली केबल नेहमी शिल्लक ठेवावी.

वर्गातील पाठ

हा विषय मुलांस खेळातून शिकविता येतो. पूर्वी एकच केबल एका संगणकावरून दुसऱ्याकडे जात असे. मधली एक जोडणी सुटली की सारे जाळे बंद पडे. १९९० मध्ये पीळदार तारांची पद्धत प्रमाणित झाली. तीत प्रत्येक संगणकाची केबल स्वतंत्रपणे मध्यवर्ती पेटीस जोडली जाते, म्हणून एक जोडणी सुटल्यास एकच संगणक अडतो. हे दाखविण्यासाठी आठ मुलांना हात धरून रांगेत उभे करावे व हात दाबून निरोप पुढे पाठवावा. एकाने हात सोडताच निरोप तेथेच थांबतो. नंतर एका मुलास मध्ये उभे करून सात दोऱ्या त्याच्या हाती द्याव्यात, दुसरी टोके इतरांकडे असावीत. एक दोरी सुटली, तरी सहा निरोप पोहोचतात. सुधारलेल्या रचनेने दोष नाहीसा झाला नाही, त्याची व्याप्ती कमी झाली, हे मुलांच्या सहज ध्यानात येते.

यानंतर कधी पाठ चालू असताना संगणक तुटल्यास शिक्षकाने ओशाळण्याचे कारण नाही. त्याने मुलांसमोरच वरील क्रमाने दोष शोधावा, प्रत्येक पायरीस 'आता काय पाहावे?' असे विचारावे व उत्तर फळ्यावर लिहावे. अनुमान करणे, एकच गोष्ट बदलणे व परिणाम पाहणे, ही शास्त्राची रीत त्या दिवशी मुले प्रत्यक्ष पाहतील. योजलेला पाठ राहिला, तरी तो तास वाया जाणार नाही.