चूक कोणाची : आज्ञावलीची की कंपायलरची?

गणिताचे उत्तर पुस्तकामागे दिलेल्या उत्तराशी जुळले नाही, तर तुम्ही काय करता? आधी आपली रीत तपासता. रीत पुन्हा पुन्हा तपासूनही बरोबर निघाली, की मग पुस्तकातले उत्तरच चुकीचे छापले गेले असेल काय, अशी शंका मनात येते. बहुतेक वेळा चूक आपलीच असते. पण क्वचित ती शंका खरीही ठरते.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यापुढेही असाच प्रश्न उभा राहतो. आज्ञावली आपण सी, सी प्लस प्लस अशा एखाद्या भाषेत लिहितो. यंत्राला ती भाषा समजत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम कंपायलर करतो. पण कंपायलर म्हणजे तरी काय? तीही माणसांनीच लिहिलेली, कित्येक लाख ओळींची आज्ञावली. मग तिच्यात दोष असू शकत नाही काय? अवश्य असू शकतो. तो आहे की नाही हे ठरवायचे कसे, ते या पाठात पाहू या.

कोऱ्या अर्जाची गोष्ट

पुष्कळ आज्ञावल्यांत तोच तो मजकूर थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. हे श्रम वाचवण्यासाठी भाषेत एक सोय असते. मजकुराचा साचा एकदाच लिहायचा आणि त्यात रिकाम्या जागा ठेवायच्या. कंपायलर त्या जागा भरून पूर्ण मजकूर स्वतःच तयार करतो. सी भाषेत अशा साच्याला मॅक्रो म्हणतात, सी प्लस प्लसमध्ये मॅक्रोबरोबरच टेम्प्लेट ही अधिक समर्थ सोय आहे. आज्ञावलीकडूनच आज्ञावली लिहून घेण्याच्या या तंत्राला मेटाप्रोग्रॅमिंग असे नाव आहे.

आता शाळेतला रजेचा छापील अर्ज डोळ्यांपुढे आणा : ‘माझा पाल्य ........ हा आजारी असल्यामुळे काल शाळेत आला नाही.’ रिकाम्या जागी ‘रमेश’ लिहिले, तर वाक्य बरोबर होते. ‘सुलभा’ लिहिले, तर ‘सुलभा हा आजारी असल्यामुळे शाळेत आला नाही’ असे विचित्र वाक्य तयार होते. दोष कोणाचा? नाव भरणाऱ्याने सांगितलेले काम चोख केले आहे. दोष अर्ज छापणाऱ्याचा आहे. मुलीचे नावही येऊ शकेल, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

पहिली पायरी : भरलेला साचा डोळ्यांनी पाहा

आता खरे उदाहरण घेऊ. सोयीसाठी ते देवनागरीत लिहिले आहे. वर्ग काढण्यासाठी एकाने असा मॅक्रो लिहिला :

वर्ग(क) = क × क

वर्ग(५) चे उत्तर २५ आले. वर्ग(३ + १) चे उत्तर मात्र १६ न येता ७ आले! कंपायलर बिघडला काय?

घाई करू नका. कंपायलरने ‘क’ च्या जागी ‘३ + १’ हा मजकूर जसाच्या तसा ठेवला. त्यामुळे ३ + १ × ३ + १ असे पद तयार झाले. गुणाकार आधी, म्हणून ३ + ३ + १ = ७. कंपायलरने नियम तंतोतंत पाळला आहे. मॅक्रो ((क) × (क)) असा कंसांसह लिहिला असता, तर ((३ + १) × (३ + १)) = १६ हे उत्तर मिळाले असते.

म्हणून निदानाची पहिली पायरी ही, की साचे भरल्यानंतरचा मजकूर प्रत्यक्ष पाहावा. बहुतेक सी कंपायलर हा मजकूर वेगळा काढून दाखवतात. ‘कंपायलर चुकला’ अशा तक्रारींपैकी अनेक याच पायरीवर मिटतात.

दुसरी पायरी : नियम काय सांगतो?

दुसरे उदाहरण पाहा. दोन संख्यांची अदलाबदल करणारा हा मॅक्रो आहे :

अदलाबदल(अ, ब) = त ← अ ; अ ← ब ; ब ← त

येथे ‘त’ ही तात्पुरती जागा आहे. पण वापरणाऱ्याच्या स्वतःच्याच एका संख्येचे नाव ‘त’ असले तर? समजा त = ५ आणि क = ८ आहे. अदलाबदल(त, क) लिहिल्यावर मजकूर होतो : त ← त, त ← क, क ← त. पहिल्या आज्ञेने काहीच बदलत नाही. दुसरीने त = ८ होते. तिसरीने क = ८ होते. दोन्ही संख्या ८ झाल्या आणि ५ नाहीशी झाली!

हा दोष कंपायलरचा म्हणावा काय? याचे उत्तर भाषेवर अवलंबून आहे. सी भाषेचा मॅक्रो नावांच्या अशा गोंधळापासून संरक्षण देण्याचे वचन देत नाही. तेव्हा चूक साचा लिहिणाऱ्याची. १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइसेन आणि ड्यूबा या चार संशोधकांनी साच्यातील नावे आणि वापरणाऱ्याची नावे आपोआप वेगळी ठेवण्याची रीत मांडली. स्कीम या भाषेने पुढे असे ‘स्वच्छ’ मॅक्रो स्वीकारले. तेथे हाच प्रकार घडला, तर मात्र दोष कंपायलरचा; कारण तेथे नियमाने वचन दिलेले आहे. एकच लक्षण, पण दोन भाषांत दोन निर्णय!

कधी कधी नियमच गैरसोयीचा असतो. सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेटच्या आत टेम्प्लेट लिहिले, की शेवटी >> अशी दोन टोके शेजारी येतात. १९९८ च्या प्रमाणित नियमांप्रमाणे कंपायलर या जोडीला एकच वेगळे चिन्ह समजे आणि चूक दाखवी. मध्ये एक मोकळी जागा सोडावी लागे. कंपायलर निर्दोष होता. नियम मात्र अडचणीचा होता. २०११ च्या नियमांत तो सुधारण्यात आला.

तिसरी पायरी : लक्षण ओळखा

कंपायलरचे दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला, नियमात बसणारी आज्ञावली नाकारणे किंवा न बसणारी स्वीकारणे. दुसरा, रूपांतर करता करता कंपायलर स्वतःच कोसळणे. तिसरा, तक्रार न करता चुकीचे रूपांतर करणे.

यांपैकी दुसरा ओळखायला सर्वांत सोपा. आपली आज्ञावली कितीही चुकीची असो, कंपायलरने ती चूक दाखवून व्यवस्थित थांबले पाहिजे. तो कोसळला, तर दोष त्याचाच.

मात्र चुकांची लांबलचक यादी आली म्हणजे कंपायलर बिघडला, असे नव्हे. १९९४ साली एर्विन उनरुह यांनी सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीपुढे एक अजब आज्ञावली ठेवली. ती कंपायलरला दिली, की चुकांचे संदेश येत आणि त्या संदेशांत ओळीने मूळ संख्या दिसत! कंपायलर बिघडला नव्हता. टेम्प्लेट भरता भरता तो मूळ संख्या शोधत होता.

टेम्प्लेट स्वतःलाच पुन्हा बोलावू शकते. थांबण्याची अट लिहायला विसरलो, तर ही साखळी संपणारच नाही. म्हणून कंपायलर एक मर्यादा ठेवतात. जीसीसी या कंपायलरमध्ये ती सामान्यतः ९०० पातळ्यांची असते. मर्यादा ओलांडल्याचा संदेश देऊन थांबणे, हे योग्य वागणे होय.

चौथी पायरी : अर्धे करत चला

आता समजा, संशय टिकून राहिला. आज्ञावली १०२४ ओळींची आहे. दोष कोणत्या ओळीशी निगडित आहे? अर्धा भाग काढून टाका आणि लक्षण उरते का पाहा. उरले, तर राहिलेल्या भागाचे पुन्हा अर्धे करा. सगळे जमून आले, तर ५१२, २५६, १२८ असे करत दहा पायऱ्यांत आपण एका ओळीवर येतो, कारण दोनाचा दहावा घात १०२४ आहे. अर्धे केल्याने लक्षण नाहीसे होत असेल, तर चतुर्थांश, मग अष्टमांश भाग काढून पाहायचा.

झेलर आणि हिल्डेब्रांट यांनी हेच काम यंत्राकडून करून घेण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली प्रसिद्ध केली. जीसीसीच्या एका आवृत्तीला कोसळवणारी ७५५ अक्षरांची आज्ञावली त्यांच्या पद्धतीने ७७ अक्षरांवर आणली! एवढ्याशा मजकुरात दोष शोधणे कितीतरी सोपे.

एक काळजी मात्र घ्यावी. प्रत्येक कापणीनंतर तेच लक्षण दिसते आहे ना, आणि उरलेली आज्ञावली नियमात बसते ना, हे तपासावे. नाहीतर आपण निघालो एका दोषाच्या मागे आणि पोहोचलो दुसऱ्याच ठिकाणी, असे होते.

पाचवी पायरी : दुसरे मत घ्या

एकाच आज्ञावलीची दोन कंपायलरांनी वेगवेगळी उत्तरे दिली, तर निदान एक तरी चुकला, हे उघड नाही काय? नाही! वरचा ‘वर्ग’ मॅक्रो वर्ग(क++) असा वापरून पाहा. क++ म्हणजे ‘क’ ची किंमत वापरा आणि ती एकने वाढवा. मजकूर होतो क++ × क++. एकाच पदात ‘क’ असा दोनदा बदलला, तर काय व्हावे, हे सी भाषेच्या नियमांनी ठरवलेलेच नाही. म्हणून दोन कंपायलरांनी दोन उत्तरे दिली, तरी दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही. दुसरे मत उपयोगी खरे; पण अंतिम निवाडा नियमपुस्तकाचाच.

ही अट सांभाळून अमेरिकेतील यूटा विद्यापीठात जॉन रेगर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सीस्मिथ’ नावाची आज्ञावली तयार केली. ती नियमात बसणाऱ्या सी आज्ञावल्या यदृच्छेने लिहिते. त्या अनेक कंपायलरांना देऊन उत्तरे ताडून पाहायची. २०११ साली त्यांनी सांगितले, की तीन वर्षांत कंपायलरांतील ३२५ हून अधिक दोष अशा रीतीने सापडले. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये काही ना काही दोष आढळला. काँपसर्ट या कंपायलरचे मधले भाग गणिती सिद्धतेने बरोबर ठरवलेले आहेत. त्या भागांत मात्र चुकीचे रूपांतर त्यांना सापडले नाही. त्यात सापडलेले दोष सिद्धता नसलेल्या भागांतले होते. सिद्धता ही केवळ वहीत लिहिण्याची गोष्ट नाही, हे यावरून पटते ना?

या खटाटोपाचे महत्त्व तिसऱ्या प्रकारच्या दोषामुळे आहे. कोसळणारा कंपायलर निदान ओरडून सांगतो. मुकाट्याने चुकीचे रूपांतर करणारा काहीच सांगत नाही. आज्ञावली वाचून पाहिली, तर ती बरोबर दिसते. उत्तर मात्र चुकते. आणि आज आज्ञावल्या विमानांत, आगगाड्यांच्या सिग्नलांत, रुग्णालयांतील यंत्रांतही काम करतात. म्हणून दोष सापडला, की तो दाखवणारी लहानात लहान आज्ञावली, कंपायलरची आवृत्ती, अपेक्षित उत्तर, मिळालेले उत्तर आणि संबंधित नियम, एवढे लिहून कंपायलर करणाऱ्यांना कळवावे. अशा पत्रामुळे आपल्याला कधीही न भेटणाऱ्या हजारो लोकांचे काम बिनचूक होते.

हे करून पाहा

१. मॅक्रो वर्ग(क) = (क) × (क) असा लिहिला आहे. ३२ ÷ वर्ग(४) चे उत्तर काय येईल? (सी भाषेत भागाकार व गुणाकार डावीकडून उजवीकडे, क्रमाने करतात.) अपेक्षित उत्तर मिळवण्यासाठी साच्यात काय बदलाल?

२. कंपायलरच्या जुन्या आवृत्तीत नसलेला दोष नव्या आवृत्तीत दिसतो. दोन्हींच्या दरम्यान १००० बदल झाले आहेत. दोष कोणत्या बदलाने आला हे शोधायला साधारण किती चाचण्या लागतील?

३. रजेचा अर्ज मुलगा व मुलगी दोघांनाही चालेल असा लिहा.

उत्तरे : (१) ३२, सर्व पदाला बाहेरून आणखी एक कंस घातल्यास २ मिळेल. (२) सुमारे १०. (३) याचे उत्तर तुमच्या वर्गातच एकमेकांना दाखवून तपासा; नावे मात्र दोन्ही प्रकारची भरून पाहा!