ठिणगीचा शोध : सुरू न होणाऱ्या मोटारीची पद्धतशीर तपासणी

आडवळणाच्या गावात रात्री-अपरात्री रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात हलवावयाचे असेल, तर एखाद्याच्या दारातील जुनी पेट्रोल जीप किंवा पद्मिनी मोटार हाच कधीकधी जवळचा आधार ठरतो. नेमक्या अशा वेळी गाडी सुरू झाली नाही, की धांदल उडते. कोणी धक्का मारू लागतो, कोणी बॅटरी बदलण्याचा सल्ला देतो. वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. दोष मात्र पुष्कळदा एखाद्या सैल तारेत किंवा ओलसर झाकणात दडलेला असतो. क्रमाने तपासणी केली, तर तो थोड्या वेळात सापडू शकतो.

ठिणगी कशी निर्माण होते?

पेट्रोल इंजिनाला योग्य प्रमाणात इंधन व हवा, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी ठिणगी यांची गरज असते. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यास मात्र हजारो व्होल्ट लागतात. हे काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. जाड तारेतून वाहणारा प्रवाह सीबी पॉइंट उघडताच एकाएकी तुटतो, चुंबकीय क्षेत्र ओसरते आणि बारीक तारेत उच्च दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी उडून ते जळू नयेत आणि प्रवाह झटकन तुटावा, यासाठी कंडेन्सर बसविलेला असतो.

हा उच्च दाब डिस्ट्रिब्युटरमधील फिरत्या रोटरकडून पाळीपाळीने प्रत्येक प्लगला पोहोचतो. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली बॅटरीवरील प्रज्वलन-व्यवस्था १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत आली. त्यांच्या कंपनीचे 'डेल्को' हे नाव आपल्याकडील गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरलाच चिकटले आहे.

पहिली पायरी : बॅटरी

किल्ली फिरविल्यावर इंजिन कण्हत-कण्हत फिरत असेल किंवा दिवे एकदम मंद होत असतील, तर दोष प्रथम बॅटरीत किंवा तिच्या जोडांत शोधावा. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर गरम पाण्याने धुऊन व घासून काढावा आणि जोड घट्ट आवळावेत. इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, असे असेल तरच पुढे जावे.

दुसरी पायरी : ठिणगीची परीक्षा

कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी जाणारी जाड तार झाकणातून काढावी. तिचे टोक कोरड्या, विद्युतरोधक मुठीच्या पकडीने इंजिनाच्या उघड्या धातूपासून सुमारे ६ मिलिमीटर अंतरावर धरावे आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी. पेट्रोल सांडलेले असल्यास किंवा त्याचा वास येत असल्यास ही परीक्षा मुळीच करू नये. निळसर, कडकडीत ठिणगी उडाली, तर कॉइल व पॉइंट यांचे काम ठीक आहे. दोष पुढे, म्हणजे झाकण, रोटर, तारा वा प्लग यांत आहे. ठिणगी नसेल किंवा पिवळी व दुबळी असेल, तर दोष मागे आहे. या एकाच परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

ठिणगी नसल्यास

१२ व्होल्टचा साधा परीक्षक दिवा घ्यावा. त्याची एक तार गाडीच्या सांगाड्याला जोडावी व किल्ली चालू ठेवावी. दुसरी तार कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला लावल्यावर दिवा पेटला नाही, तर स्विच, फ्यूज किंवा तेथवरची तार तपासावी. दिवा पेटला, तर ती तार कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला लावून इंजिन फिरवावे. येथे दिव्याने उघडझाप केली पाहिजे. तो सतत पेटत राहिला, तर पॉइंट मळलेले आहेत किंवा मिटत नाहीत. तो पेटलाच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर किंवा तार सांगाड्याशी जुळली आहे अथवा कॉइल आतून तुटली आहे. पॉइंट पूर्ण उघडे असताना फट सामान्यतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. नवे पॉइंट लवकरच जळू लागले, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. दिव्याने उघडझाप करूनही ठिणगी दुबळीच राहिली, तर कंडेन्सर व कॉइल बदलून पाहावी.

ठिणगी असल्यास

पावसाळ्यात झाकणाच्या आत दमटपणा धरतो व ठिणगी भलत्याच वाटेने जाते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसावे. आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती तडा किंवा कार्बनची वाट असते. असे झाकण बदलावे. नंतर प्लग काढून पाहावेत. विटकरी-तपकिरी टोक चांगले. कोरडी काजळी इंधन अधिक जात असल्याचे व तेलकट थर इंजिन झिजल्याचे सुचवितो. पेट्रोलने भिजलेले प्लग पुसून वाळवावेत. तारा परत बसविताना क्रम चुकवू नये. पद्मिनीच्या इंजिनात तो १-३-४-२ असा आहे.

नव्या गाड्यांबाबत सावधानता

आजच्या पेट्रोल मोटारींत सीबी पॉइंट नसतात. ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते. त्यांची तार काढून वर सांगितलेली परीक्षा करू नये. दाब अधिक असल्याने धक्का जीवघेणा ठरू शकतो आणि महागडी यंत्रणाही निकामी होऊ शकते. तेथे फ्यूज, बॅटरी व फलकावरील सूचक दिवे पाहून पुढील काम स्कॅनर असलेल्या कारागिराकडे सोपवावे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते; तेथे तपासणीचा मार्ग वेगळा आहे.

विज्ञान-शिक्षकांना प्रवर्तनाचा पाठ एखाद्या जुन्या कॉइलच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येईल. कार्यालयाच्या वाहनावर देखरेख ठेवणाऱ्यांनीही एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी : भाग बदलण्यापूर्वी दोष त्याच भागात असल्याची खात्री कशी केली? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर अनावश्यक खर्च वाचेल आणि गरजेच्या वेळी गाडी दारात अडून राहणार नाही.