आगबोटीची भूक

शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो. आगबोटीला मात्र जाळायचा कोळसा आपल्याच पोटात भरून निघावे लागते. प्रवास जितका लांब, तितकी मालाला जागा कमी! त्यामुळे १८६५ च्या सुमारासही चीनचा चहा इंग्लंडला पोचवीत ती मुख्यतः शिडाची जहाजेच.

आल्फ्रेड होल्ट या लिव्हरपूलच्या एंजिनियराने हे चित्र पालटले. त्या काळी जहाजांच्या बाष्पित्रांत वाफेचा दाब दर चौरस इंचास २०-२५ पौंड असे. होल्टने तो ६० पौंड ठेवला आणि जोडीला संयुक्त एंजिन घेतले. त्याने काय साधले? वाफ प्रसरण पावताना थंड होते व सिलिंडरच्या भिंतींनाही थंड करते. पुढच्या खेपेची ताजी वाफ त्या भिंतींवर काही अंशी पाणी होऊन वाया जाते. संयुक्त एंजिनात वाफ आधी लहान आणि मग मोठ्या सिलिंडरात प्रसरण पावते. एकेका सिलिंडरातील तापमानाचा चढउतार त्यामुळे कमी होतो व नासाडी घटते.

होल्टची 'अ‍ॅगमेम्नॉन' १९ एप्रिल १८६६ रोजी लिव्हरपूलहून निघाली. मॉरिशसपर्यंतचे सुमारे ८,५०० मैल तिने वाटेत कोळसा न घेता कापले. आता वही घ्या. ताशी १० मैल म्हणजे दिवसाला २४०. प्रवास सुमारे ३५ दिवसांचा. रोज २० टन धरले तर ७०० टन कोळसा झाला. भूक दुप्पट असती, तर आणखी ७०० टन मालाची जागा गेली असती.

पण हे २० टन भट्टीत आपोआप जात नव्हते. आगबोटींवर साधारणपणे चार तासांची पाळी असे. म्हणजे दर पाळीला सव्वातीन टनांहून जास्त कोळसा, तोही फावड्याने. नुसता ढकलून भागत नसे. थर जाड झाला तर हवा अडते, विरळ झाला तर थंड हवा आत घुसते. शिवाय जाळीवर साचलेला वितळका मळ लोखंडी सळईने फोडून ओढायचा. आपल्याकडील खलाशांच्या बोलीत या माणसाला 'आगवाला' आणि त्याला कोळसा पुरवणाऱ्याला 'कोयलावाला' म्हणत.

कोयलावाल्याने दोन्ही बाजूंच्या कोठारांतून सारखाच कोळसा काढायचा, नाहीतर बोट एका अंगाला कलायची. जवळचा साठा आधी संपे. म्हणून बंदर जवळ येई तसतशी त्याची अंधारातली ओझ्याची वाट लांबतच जाई.