चेअरमनचे वजन कुठे खर्ची पडते?



बोदवड गटाच्या सभेत एक प्रश्न हमखास निघतो. चेअरमनची वर ओळख असली की कारखान्यात नवे काही येते काय? या वेळचा पाठ त्यावरच घेतला आहे. आमचे मत असे, की ओळखीने दार उघडते. आत काय आणायचे ते माणसाच्या स्वभावावर.

प्रवरेचे पाहा. विठ्ठलराव विखे पाटलांचे शिक्षण बेताचे. शेअर्ससाठी ते गावोगाव हिंडले, पण चेअरमन केले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता सहकाराचे जाणकार, त्यांचा आधार मिळाला आणि १९५० साली गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना ही तेव्हा नवलाईच होती. शिकलेल्या माणसाला आपल्या वरच्या खुर्चीत बसवायला मन मोठे लागते. (सगळ्यांना जमत नाही!)

वसंतदादांचे वजन तर राज्यभर. १९७५ साली मांजरीची ऊस संशोधन संस्था उभी राहिली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. एकट्या कारखान्याला हा खर्च पेलवला नसता. एकमेकांशी चुरस करणारे चेअरमन एका कामासाठी वर्गणी काढतात, ते कोणाच्या तरी शब्दाखातर.

आता दुसरी बाजू. सरकारी थकहमीवर कर्ज सहज मिळू लागले की उतारा वाढवायची घाई राहत नाही. जळगाव जिल्ह्यातले बंद पडलेले कारखाने आपण पाहिलेच आहेत. पाणी, ऊसटंचाई, कर्ज, कारणे बरीच.

खरी परीक्षा तोडणीच्या प्रोग्रामात होते. शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला म्हणजे ऊस पक्व. हे मोजायचे यंत्र खिशात मावते, महागही नाही. पण प्रोग्राम ब्रिक्स पाहून लावायचा की कोणाची चिठ्ठी पाहून? चिठ्ठीवाल्याचा कच्चा ऊस आधी गव्हाणीत गेला, तर तुमचा पक्व ऊस फडात वाळतो. दर सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, म्हणून खड्डा प्रत्येकाच्या बिलात. अशा वेळी शेतकी खात्याचा माणूस "साहेब, हा प्लॉट अजून तयार नाही" असे म्हणू शकतो का, आणि म्हटले तर त्याचे ऐकले जाते का, ते वार्षिक सभेत जरूर विचारा.

तोवर आपल्या प्लॉटचा ब्रिक्सचा आकडा चिटबॉयकडून मागून वहीत लिहून ठेवा, तारखेसह.