पांढऱ्या कोटातले विद्यार्थी दारात आले तर...

वैद्यकीय महाविद्यालयांच्या आसपासच्या खेड्यांत अलीकडे एक दृश्य नेहमीचे झाले आहे. पांढरे कोट घातलेली अठरा-वीस वर्षांची मुले-मुली वह्या घेऊन गल्लीत शिरतात. घरात माणसे किती, पिण्याचे पाणी कुठून भरता, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, बाळाला सगळे डोस दिले का, असे एकेक विचारू लागतात. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही कसली योजना? आम्हाला काय मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर डॉक्टर घडवताना 'कुटुंब' हा विषय का शिकवतात, हे आधी पाहावे लागेल.

हा विचार जुनाच

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे त्यातूनच रुजली. डॉक्टरने केवळ आजार बरा करू नये, तो होऊ नये म्हणून समाजातही काम करावे आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राला स्थान असावे, असेही या समितीने सुचवले. पुढे १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याची योजना आली.

आपल्या राज्यात या विचाराचे ठळक उदाहरण वर्धा जिल्ह्यात आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या नव्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, त्या गावात शिबिर करून राहायचे आणि प्रत्येकाने नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहायचे, अशी तेथील प्रथा आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'कुटुंब दत्तक' उपक्रम देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला. त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात.

'दत्तक' या शब्दाने मात्र गैरसमज होतो. विद्यार्थी घराचा खर्च उचलत नाही आणि औषधेही लिहून देत नाही. तसा त्याला अधिकारच नसतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या घराच्या आरोग्याची नोंद ठेवणे, योग्य ती माहिती देणे आणि गरज पडल्यास योग्य दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास मदत करणे, एवढे त्याचे काम.

एका घराचा धडा

वर्गात न शिकता येणारे असे घरी जाऊन काय शिकायला मिळते? नेहमीचेच उदाहरण घेऊ. समजा, एका घरात तीस वर्षांच्या बाईला सतत थकवा येतो, जिना चढताना धाप लागते. तपासणीत हिमोग्लोबिन ९ ग्रॅम निघते. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते किमान १२ असावे आणि गरोदरपणात ११. पुस्तकाप्रमाणे उत्तर सोपे आहे : रक्तक्षय, लोहाच्या गोळ्या द्या.

गोळ्या आवश्यकच आहेत. पण महिन्याभराने विद्यार्थी पुन्हा त्या घरी गेला की त्याला गोळ्यांची पाकिटे तशीच फळीवर दिसतात. आता खरा अभ्यास सुरू होतो. गोळी घेतल्यावर मळमळले आणि शौचाला काळी झाली, म्हणून बाईंनी घाबरून गोळ्या बंद केल्या. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याने अपाय नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहता येते, हेही नाही.

विद्यार्थी आणखी थोडा वेळ बसला तर त्याला पुढच्या गोष्टी कळतात. जेवणानंतर लगेच चहा होतो, आणि चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. घरात सर्वांचे जेवून झाल्यावर बाई जेवायला बसतात, तेव्हा उसळ संपलेली असते आणि भाकरीबरोबर उरते ते कालवणाचे पाणी. पाळीत रक्तस्राव फार होतो, पण हे सांगायचे कुणाला? शेतात अनवाणी काम चालते, त्यामुळे पोटात अंकुशकृमी असण्याचा संभव आहे. धाकटे मूल दीड वर्षाचे आहे आणि पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून काय करावे, हे नवरा-बायकोत कधी बोललेच गेलेले नाही.

रक्तक्षय बाईच्या रक्तात दिसला, पण त्याची मुळे सबंध घरात पसरलेली आहेत. त्यामुळे उपचारही घरालाच करावा लागतो. सासूबाईंना विश्वासात घ्यावे लागते, नवऱ्याशी बोलावे लागते. सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, निदान बाईंच्या वाटणीची उसळ आधी बाजूला काढून ठेवावी, जेवणावर लिंबू पिळावे, जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, असे छोटे बदल गोळीइतकेच महत्त्वाचे ठरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गोळ्या तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग कमी कुठे पडते, याचा बराचसा उलगडा अशा घरांतच होतो.

गृहविज्ञानाची शिदोरी

कुटुंबाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी आणखी एक विद्याशाखा आपल्याकडे आहे, ती म्हणजे गृहविज्ञान. दिल्लीत लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ साली निघाले. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये या विषयाची स्वतंत्र विद्याशाखा झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. तिथे आता त्याला 'सामुदायिक विज्ञान' म्हणतात.

"गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवण," अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात अन्न व पोषण, मानवी विकास, घरातील साधनांचे व्यवस्थापन, वस्त्रशास्त्र आणि विस्तार शिक्षण असे तिचे विभाग आहेत. महिन्याच्या पगारात डाळ, दूध, फळे कशी बसवावीत, सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न कसे द्यावे, चुलीचा धूर कसा कमी करावा, हे प्रश्न तिथे शास्त्र म्हणून अभ्यासले जातात. डॉक्टर 'पौष्टिक खा' असे सांगतो, पण शंभर रुपयांत पौष्टिक काय येते हे गृहविज्ञानाची विद्यार्थिनी सांगू शकते. हे दोन्ही वर्ग एकत्र गावात गेले तर दोघांचाही आणि गावाचाही लाभ आहे. तसेच गृहविज्ञान फक्त मुलींनीच शिकावे, असे मानण्याचेही कारण नाही. घर चालवणे हे दोघांचे काम आहे.

वही भरली म्हणजे झाले का?

या शिक्षणाचा एक धोका शिक्षकांनी ओळखायला हवा. विद्यार्थ्याला गुण भरलेल्या वहीचे मिळाले, तर तो वहीच भरील. एका दुपारी बसमधून यायचे, प्रश्न विचारायचे, वजन-उंची लिहायची आणि निघून जायचे, असे झाले तर गावाच्या हाती काहीच पडत नाही. तिसऱ्या खेपेला लोक दार लावून घेतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

म्हणून परीक्षेत विचारायला हवे ते वेगळेच. तुमच्याकडच्या कुटुंबात वर्षभरात काय बदलले? बाळाची राहिलेली लस टोचली गेली का? आजोबांचा रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे गेला होता, तो पुन्हा कधी मोजला? आणि बदल झाला नसेल तर का नाही? 'सांगूनही लोक ऐकत नाहीत' हे उत्तर मान्य करू नये. लोक का ऐकत नाहीत, हे शोधणे हाच तर अभ्यास आहे.

आपण काय करावे?

आपल्या दारी असे विद्यार्थी आले तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. महाविद्यालयाचे नाव आणि सोबतच्या शिक्षकांचे नाव विचारावे. ओळखपत्र पाहण्यात संकोच नको.

२. माहिती देणे ऐच्छिक आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.

३. क्षयरोग, पाळीच्या तक्रारी, दारूचे व्यसन अशा गोष्टी शेजाऱ्यांसमोर विचारू देऊ नयेत. घरात बसून, एकांतात बोलावे. ही माहिती गुप्त ठेवणे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

४. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन जे मोजले असेल त्याचे आकडे आपल्यालाही लिहून मागावेत आणि त्यांचा अर्थ विचारावा.

५. घरातील सुनेला, मुलींना आणि वृद्धांना स्वतः बोलू द्यावे. त्यांच्या वतीने कर्त्या पुरुषाने उत्तरे देऊ नयेत.

६. पुन्हा कधी येणार, हे आवर्जून विचारावे आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आणि सांगितलेला सल्ला परवडणारा नसेल तर "हे आम्हाला जमणार नाही" असे मोकळेपणाने सांगावे. नुसती मान डोलावू नये. आपल्या घरात काय जमते आणि काय नाही, हे उद्याच्या डॉक्टरला पुस्तकात सापडणार नाही. ते आपणच त्याला शिकवू शकतो.