जेजी-६२ मेला का, ते आधी बघ

चिरनेर,
पौष वद्य पंचमी

चि. छोटीस,


तुझं पत्र मिळालं. मररोगाच्या वाफ्यात तुझ्या काही ओळींत एकही रोप मेलं नाही, याचा तुला झालेला आनंद अक्षरांतसुद्धा दिसतो. मलाही बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस की बांधाकडच्या कोपऱ्यात जेजी-६२ ची निम्मी रोपं हिरवीच आहेत. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि लगेच हे लिहायला घेतलं.

जेजी-६२ हा हरभऱ्याचा वाण आपण कशासाठी पेरतो? तो मरावा म्हणूनच. डॉ. नेने आणि डॉ. हवारे यांनी पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेत मररोगाच्या वाफ्यात वाण पारखायची ही पद्धत बसवली, तेव्हा दर दोन-चार ओळींमागे रोगाला हमखास बळी पडणारा वाण पेरायचा नियम घातला, तो याचसाठी. बुरशी सगळ्या वाफ्यात सारखी पसरली आहे की नाही, हे सांगणारा तो एकच साक्षीदार. रोगट रोपांचे तुकडे जमिनीत गाडून, हंगामामागून हंगाम तोच वाण त्याच जागी घेऊन वाफा तयार करतात. जेजी-६२ जवळजवळ सगळा मेला की मग शेजारच्या ओळीत वाचलेल्या रोपाला काही किंमत येते. जिथे तोच निम्मा जगला, तिथे तुझा वाण रोगाला पुरून उरला की रोग त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, हे कोण सांगणार? म्हणून त्या कोपऱ्यातल्या ओळींपुढे ‘प्रतिकारक’ लिहू नकोस. ‘निर्णय नाही’ असं लिही. त्याच वाणांचं बी कुंड्यांत पेर. वाळू आणि मक्याच्या भरड्यावर वाढवलेली बुरशी मातीत मिसळली की तिथे कोणी सुटत नाही. कुंड्यांतही जेजी-६२ हवाच.

दुसरं, एकदाच मोजणी करून थांबू नकोस. जेजी-६२ महिन्याभरात माना टाकतो, म्हणून पुष्कळजण तिथेच वही मिटतात. के-८५० सारखा वाण मात्र तेव्हा धडधाकट दिसतो आणि फुलोऱ्यानंतर, घाटे धरताना वाळायला लागतो. शेतकऱ्याचं नुकसान दोन्हीकडे होतंच. रोप असताना, फुलोऱ्यात आणि घाटे भरताना, अशा तिन्ही वेळा मोज. दहा टक्क्यांपर्यंत मर असेल तरच प्रतिकारक म्हणायचं. पन्नासच्या वर गेली की तो वाण बळी पडणारा.

आणि मेलेलं प्रत्येक रोप उपटून बघ. यात आळस करू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे अक्कादेवीच्या बाजूच्या खाचरात भात कापल्यावर ओलीवर वालाबरोबर थोडा हरभरा टाकतात. रोपं बसली की सगळे म्हणतात, ‘मर लागली’. परवाच शेजारच्या खाचरातली चार रोपं उपटून आणली. जमिनीलगत खोड कुजून बारीक झालेलं, त्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे. ही मानकूज. भाताची धसकटं न कुजता राहिली आणि वर ओल असली की ती येते. ब्लेडने खोड उभं चिरलं तर आतला गाभा स्वच्छ होता. फ्युजॅरियम बुरशीची खरी मर असती तर बाहेरून मूळ चांगलं दिसलं असतं आणि आत तपकिरी-काळी रेघ वर चढत गेलेली असती. तिसरी कोरडी मूळकूज. उशिरा, ऊन तापल्यावर येते, सोटमूळ काडीसारखं कडकन मोडतं आणि बारीक मुळं उरतच नाहीत. ही तिन्ही दुखणी एकाच रकान्यात टाकलीस, तर मरीला टिकणारा एखादा चांगला वाण मानकुजीच्या पापाने यादीतून जाईल.

तुझे सर वाण आणखी कुठे लावायचे म्हणाले, तर कंटाळू नकोस. हवारे आणि नेने यांनी १९८२ साली मरीच्या बुरशीच्या चार जाती वेगळ्या करून दाखवल्या: हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर आणि हिस्सारकडच्या. एकीला न जुमानणारा वाण दुसरीपुढे कोलमडू शकतो. राहुरीचे विजय, दिग्विजय किंवा अकोल्याचा जाकी ९२१८ शेतकऱ्याच्या हाती गेले, ते वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांतून तावूनसुलाखूनच.

एवढं काटेकोर का, असं तुला वाटेल. ही बुरशी जमिनीत शिरली की हरभरा न घेताही सहा वर्षांहून जास्त टिकते. पेरल्यावर औषधाने ती हटत नाही. उन्हाळी खोल नांगरट, पिकाची फेरपालट, बियाण्याला ट्रायकोडर्मा, हे सगळं करायचंच; पण रोगट रानात खरा आधार वाणाचाच. कोरडवाहू शेतकरी पिशवीवरचे ‘मररोग प्रतिकारक’ हे दोन शब्द वाचून पैसे मोजतो आणि त्याचा अख्खा रब्बी त्यावर उभा असतो. त्या शब्दांची सुरुवात तुझ्यासारख्या कुणाच्या तरी फिल्ड बुकात होते.

प्रबंधाची घाई मला कळते. एक हंगाम वाढला तर घरी मी समजावून सांगेन, त्याची काळजी सोड. तक्ता करशील तेव्हा पहिल्या ओळीत जेजी-६२ ची मर किती टक्के, वाफ्याच्या कोणत्या भागात किती, ते लिही. तो आकडा लिहिल्याशिवाय तक्ता सरांपुढे ठेवू नकोस.

तुझा,
काका